कावीळ किती, यापेक्षा कोणती?

२०२४च्या उन्हाळ्यात केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वेंगूर पंचायतीत दूषित पाण्यातून ‘हिपॅटायटिस ए’ पसरला. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. आरोग्यसेवेत पुढे असलेल्या राज्यात असे का व्हावे? उत्तर काहीसे उलटे आहे. सहा वर्षांखालील मुलाला हा विषाणू गाठतो तेव्हा सहसा कळतही नाही. कावीळ दिसते ती जेमतेम १० टक्के मुलांत, आणि पुढे जन्मभराचे संरक्षण मिळते. माझ्या पिढीतले बहुतेक जण असेच नकळत सुटले. स्वच्छ पाण्यावर वाढलेली मुले मात्र विशीपर्यंत विषाणूला अनोळखी राहतात. मग वसतिगृहात किंवा लग्नाच्या जेवणात संसर्ग झाला, की ७० टक्क्यांहून अधिक जणांना कावीळ होते, आणि ती जडही जाते.

म्हणून तरुण रुग्णाचे डोळे पिवळे दिसले, की मी महिन्यापूर्वी कुठे खाल्ले-प्यायले ते विचारतो. कालच्या पाणीपुरीला दोष देण्यात अर्थ नाही. ‘ए’ला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, ‘ई’ला बहुधा त्याहून जास्त. दुसरा प्रश्न तापाचा. विषाणूच्या काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. कावीळ असूनही ताप हटत नाही, पोटऱ्या ठणकतात, तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेप्टो आधी आठवावा. एसजीपीटी हजारांत असेल तर विषाणूची शक्यता बळावते. मग ‘ए’ आणि ‘ई’च्या आयजीएम चाचण्या, सोबत ‘बी’ व ‘सी’च्याही. ‘बी’ पॉझिटिव्ह आला म्हणून आताची कावीळ त्याचीच, असे नव्हे. तो वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. त्यावर ‘ए’ किंवा ‘ई’ नव्याने आलेला असू शकतो.

नातेवाइकांचे सारे लक्ष बिलिरुबिनवर. ‘डॉक्टर, कावीळ १८ झाली!’ अठरा असूनही रुग्ण चालत घरी जातो. मला हवा असतो आयएनआर. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतच बनवते. ते खचले की आयएनआर वाढतो. तो दीडच्या वर गेला, किंवा मुलगा रात्री जागा आणि दिवसा झोपेत राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ‘ई’ झालेल्या गरोदर स्त्रीबाबत एवढीही वाट पाहू नये. शेवटच्या तिमाहीत २० ते २५ टक्के जणी दगावतात.

काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुणे हे अजून चालते. ‘ए’ आणि ‘ई’ बहुतेकांत आपोआप बरे होतात, त्यामुळे श्रेय माळेला जाते. पण आयएनआर पुन्हा तपासण्याचे दिवस तेच असतात, आणि झाडपाल्याचा काढा दुखऱ्या यकृतावर आणखी भार टाकू शकतो. तेल-हळद सोडायचे कारण नाही. दारू मात्र पूर्ण बंद, आणि पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.