घरगुती फळसंरक्षण आणि गाळणीची निवड

फळांचे रस व गर बाटल्यांत भरून टिकविण्याचे काम हाती घेणारी गृहिणी बाटल्या, झाकणे आणि साखर यांची निवड चोखंदळपणे करते. गाळणीची मात्र घरात असेल ती चालवून घेतली जाते. चहाची गाळणी, पिठाची चाळणी, जुन्या धोतराचे फडके, जे हाताशी येईल ते. वस्तुतः बाटलीत काय जावे आणि काय जाऊ नये हे गाळणीच ठरविते.

प्रथम धातूचा विचार केला पाहिजे. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळी भांड्यात कळकतो, हे आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु हाच नियम चाळणीला लावण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गर तीतून क्षणभरच जातो, अशी समजूत असते. ती बरोबर नाही. जाळीवर गर नुसता ओतला जात नाही, पळीने घासला जातो, आणि त्या घर्षणाने धातूचे कण सुटण्यास मदतच होते. तांब्याचा अत्यल्प अंशही क-जीवनसत्त्वाच्या ऑक्सिडीकरणास चालना देतो. लोखंडाचा अंश फळांतील टॅनिनशी संयोग पावून गराला काळसर छटा आणतो. पितळी जाळीला कल्हई केली तरी ती घासण्याने लवकर उडते, शिवाय हलक्या कल्हईत शिसे असण्याचा संभव राहतो. म्हणून गंजरोधक पोलादाची चाळणी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. येथे केलेली काटकसर ही काटकसर नव्हेच.

छिद्रांचा आकार फळाच्या बियांवरून ठरवावा. टोमॅटोची बी चपटी असून दोन-तीन मिलिमीटर रुंद असते; तेव्हा छिद्रे दीड मिलिमीटरच्या आतबाहेर असली म्हणजे पुरे. पेरूची बी कठीण असते. ती फुटली तर गरात कचकच उतरते, यासाठी दाब बेताचा हवा. आंब्याच्या गरात अडचण बियांची नसून तंतूंची असते. पेरूच्या जेलीची गोष्ट याहून निराळी. तेथे गर नकोच असतो, स्वच्छ रस हवा असतो. म्हणून मलमलीच्या फडक्यातून तो आपोआप गळू द्यावा. फडके पिळले की जेली गढूळ झालीच.

महाराष्ट्रातील घरांना या कामी नवे यंत्र शोधण्याची फारशी गरज नाही. पुरणयंत्रात छिद्रांच्या चकतीवर दांड्याने पाते फिरते आणि गर खाली उतरून साल व बी वर राहते. पाश्चात्त्य घरांत टोमॅटोसाठी वापरले जाणारे हातयंत्र रचनेने याहून वेगळे नाही. आमरसासाठी ते कित्येक घरी वापरले जातेच. चकती बारीक छिद्रांची व पोलादी असावी, आणि सुटी करून घासता यावी, एवढे पाहावे. मळसूत्राने फळ पुढे ढकलून साल व बी एका तोंडाने बाहेर टाकणारी यंत्रे अधिक वेगाने काम करतात, पण हंगामात मणांच्या हिशेबाने टोमॅटो हाताळणाऱ्यांनाच ती परवडतात.

गाळणी कितीही चांगली असली तरी गर पातळ का होतो, हा प्रश्न उरतोच. टोमॅटो चिरताच त्यातील विकरे पेक्टिनचे विघटन करू लागतात. चिरलेल्या फोडी लगेच उकळीस आणल्या तर ही विकरे निष्क्रिय होतात व गर दाट राहतो. आधी गाळून मग उकळणे हा क्रम म्हणूनच चुकीचा.

मात्र दाटपणा व मऊपणा यांचा हव्यास एका मर्यादेपलीकडे घातक ठरतो, आणि गाळणी विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत. पातळ रसात उष्णता प्रवाहांनी पसरते. दाट गरात ती कणाकणाने आत शिरते, आणि बाटलीचा मध्यभाग सर्वांत शेवटी तापतो. बॉट्युलिझम हा प्राणघातक विकार निर्माण करणाऱ्या जंतूंची बीजुके साध्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. पदार्थाचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असला तरच ती वाढत नाहीत. टोमॅटो या सीमेच्या आसपास असल्याने दर लिटरला सुमारे अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालण्याचा प्रघात आहे. लाल भोपळ्याला तर आंबटपणाचा आधारच नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याची घरगुती डबाबंदीची मार्गदर्शिका भोपळ्याचा गर करून बाटलीत भरण्यास स्पष्ट मनाई करते. तेथे केवळ फोडी आणि त्याही दाबयंत्रात शिजवलेल्या चालतात. ज्या गाळणीतून भोपळा लोण्यासारखा उतरतो, तीतून तो अवश्य उतरवावा, परंतु त्याच दिवशीच्या जेवणासाठी.