खिळा माझा हवा

परवा एका मुंजीत आमच्या एका स्नेह्यांनी मला पंक्तीतच गाठले. गृहस्थ मोठे हिशेबी. 'तुम्ही म्हणे कॅलेंडर टांगायला भाड्याने जागा घेतलीत!' असे म्हणून ते शेजारच्या दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसले. 'अहो, फुकट मिळते ते! बड्या कंपन्या हात जोडून देताहेत. जिलबी पानात पडत असताना कोणी कढई विकत घेतो का?' पंक्तीत वाद घालू नये, हा शिरस्ता मी त्या दिवशी पाळला. दिवाळी अंकाला तो शिरस्ता लागू नाही; तेव्हा ते उसने आज फेडून टाकतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कॅलेंडर असे. जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ साली निघाले आणि थोड्याच वर्षांत आमच्याही खिळ्याला येऊन लागले. त्याच्या चौकोनांत आईच्या बारीक अक्षरात सारे घर मावलेले असे: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आजोबांची तिथी, ताईला पाहायला येणारी मंडळी. हे प्रकाशनच होते, नाही तर काय! मात्र ते कोणी वाचायचे हे आई ठरवीत असे. ज्याला स्वयंपाकघरात प्रवेश तो वाचणार. बाहेरच्या खोलीत बसून चहा घेणाऱ्याला त्यातले अक्षरही दिसत नसे. भिंत आमची, खिळा आमचा आणि मधले दारही आमचे.

आता हेच कॅलेंडर इंटरनेटवर गेले, आणि त्यात माझी तक्रार काहीच नाही. मी घरी संस्कृतच्या शिकवण्या घेतो. कोणत्या दिवशी वर्ग आहे आणि कोणत्या दिवशी नाही, हे चाळीस पालकांना चाळीस वेळा फोनवर सांगण्यापेक्षा त्यांनी एका पत्त्यावर पाहून घ्यावे, यात शहाणपण आहे. माझा वाद आहे तो भिंतीबद्दल.

तीन वर्षांपूर्वी आईला डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. मी, धाकटा भाऊ आणि ताई अशा तिघांनी पाळ्या वाटून घेतल्या आणि त्या एका बड्या कंपनीच्या फुकट कॅलेंडरात मांडल्या. वर्षभर सुरळीत चालले. मग एका सोमवारी सकाळी माझे खाते बंद! 'संशयास्पद हालचाल' एवढे दोनच शब्द. कसली हालचाल, संशय कोणाला, काही कळण्याची सोय नाही. मी अर्ज केला; यंत्राने उत्तर दिले. पुन्हा अर्ज केला. त्याच यंत्राने तेच उत्तर दिले. ज्याच्यापुढे जाऊन उभे राहावे असा माणूस त्या साऱ्या कारभारात मला सापडला नाही. बारा दिवसांनी खाते जसे गेले तसे परत आले. दरम्यान एका गुरुवारी भाऊ समजला माझी पाळी, मी समजलो त्याची. आणि आई नेसून-सवरून, पिशवी हातात घेऊन, पाऊण तास दाराशी खुर्चीवर बसून राहिली. तिने आम्हांला फोनही केला नाही. 'कामात असाल, म्हटले,' एवढेच बोलली.

स्नेही म्हणतात फुकट. त्या पाऊण तासाची किंमत मी त्यांच्या हिशेबात कोणत्या खात्यावर मांडू?

त्यानंतर मी शेअर्ड होस्टिंगवर जागा घेतली. हा प्रकार गिरगावातल्या चाळीसारखा आहे. एका यंत्रावर शेकडो भाडेकरू. पुष्कळदा सगळ्यांचा रस्त्यावरचा क्रमांकही एकच. येणारा ब्राउझर आपल्याला कोणाकडे जायचे ते नाव सांगतो आणि यंत्र त्याला त्या खोलीशी नेऊन सोडते. नाव सांगण्याची ही सक्ती १९९७ च्या नियमावलीने केली, म्हणून तर एका दारात इतकी बिऱ्हाडे नांदू शकतात. चाळीचे तोटेही आहेत. शेजाऱ्याने नळ सोडून ठेवला की आपले पाणी बारीक होते. पण खोलीला कुलूप आपले असते. माझे वर्षाचे भाडे आमच्या दिवाळीच्या किराण्याहून कमी आहे. आणि मालक लहान असल्यामुळे तक्रार केली की फोनवर माणूस येतो. कधी वैतागलेला असतो, पण माणूस असतो.

त्या खोलीत मी 'बायकल' नावाचा मुक्त कार्यक्रम बसवला आहे. (नाव ऐकून आमच्या घरात जे विनोद व्हायचे ते होऊन गेले आहेत.) पाळ्यांचे कॅलेंडर त्यात राहते, भाऊ, ताई आणि मी आपापल्या परवलीच्या शब्दाने आत जातो. पालकांसाठी मात्र वेगळी फाइल आहे. भाच्याने दहा-वीस ओळींचा एक कार्यक्रम लिहून दिला आहे. तो रोज पहाटे चालतो, मूळ नोंदींतला मजकूर टाकून देतो आणि नुसत्या वेळा ठेवून 'गुंतलो आहे' एवढेच लिहितो. आईच्या आजाराचे वेळापत्रक पालकांनी का वाचावे?

येथे एका भ्रमावर बोट ठेवणे भाग आहे. कॅलेंडरांची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर पद्धतीने होते, ती १९९८ साली ठरली आणि २००९ साली सुधारली गेली. तीत प्रत्येक नोंदीवर 'खासगी' अशी खूण करता येते. पुष्कळांना वाटते, खूण केली म्हणजे झाकले. अजिबात नाही! ती खूण म्हणजे लोणच्याच्या बरणीवर चिकटवलेली 'हात लावू नये' ही चिठ्ठी. फाइल साध्या मजकुराची असते. ती उघड्यावर ठेवली तर कोणीही उघडून खुणेसकट सगळे वाचील. तीच गोष्ट लांबलचक गुप्त पत्त्याची. तो पत्ता एका मावशीने एका व्हॉट्सॲप गटात टाकला की त्याची गुप्तता संपली. जे दाखवायचे नाही ते त्या फाइलीत असताच कामा नये. दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

'पण तुमचा चाळमालक पळाला तर?' हा स्नेह्यांचा हुकमाचा पत्ता. पळू द्या. थोर थोर मालकही पळतात. याहूने १९९९ साली विकत घेतलेले जिओसिटीज, लाखो लोकांची घरे पोटात घेऊन, २००९ च्या ऑक्टोबरात बंद झाले. माझ्या दारावरची पाटी, म्हणजे डोमेनचे नाव, मी वेगळ्या ठिकाणी नोंदवले आहे, आणि फाइलींची प्रत घरी कपाटात आहे. एका दुपारी बिऱ्हाड हलवीन. पालकांना पत्ता तोच राहील.

हे सारे सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. प्रारंभीच मी एका वर्गाची वेळ हाताने लिहिताना पुढे जागतिक वेळेची खूण ठोकून दिली. चारचा वर्ग पालकांच्या फोनवर रात्री साडेनऊला दिसू लागला आणि एक बिचारी मुलगी रात्री शब्दरूपावली घेऊन खरोखरच हजर झाली. ओळ ७५ बाइटांहून लांब नसावी असा नियम आहे. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे पंचविसाव्या चिन्हाला ओळ मोडावी लागते, आणि ती भलत्या जागी मोडली तर 'श्राद्ध' शब्दाचे श्राद्ध होते. तिथीचे तर विचारूच नका. वाढदिवस तारखेने आपोआप दर वर्षी फिरून येतो. आजोबांची तिथी येत नाही, ती मी दर पाडव्याला पंचांगात पाहून हाताने भरतो. आई अजून अगोदर सांगते, आणि बहुतेक वेळा पंचांगाशी जुळते.

तिला मी ते कॅलेंडर फोनवर दाखवले. चष्मा पुसून तिने सगळा महिना पाहिला. मग विचारले, 'यात दुधाचे खाडे कुठे लिहायचे?' आता तिचे एक चौथे खाते उघडले आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची पाळी माझी आहे, भाऊबिजेची भावाची होती. ती तिने स्वतः खोडून ताईच्या नावावर टाकली आहे, आणि का ते लिहिलेले नाही. ताई विचारते आहे.