गृहहिशेब : महागडा टोस्टर केव्हा परवडतो?

काटोल परिसरात संत्र्याची बाग झाडावरच विकत घेणारा व्यापारी आधी फळांचा अंदाज बांधतो आणि मगच भाव बोलतो. बागेचा एकूण आकडा त्याला भिववत नाही वा भुलवतही नाही; फळामागे काय पडते, एवढेच तो पाहतो. स्वयंपाकघरातील यंत्र घेताना मात्र ही दृष्टी पुष्कळदा पेढीवरच राहते. घरातील वडीलधारे स्वस्ताच्या बाजूने उभे राहतात, तरुण मंडळी नामांकित वस्तूच्या. हिशेब कोणीच मांडत नाही.

समजा, एक टोस्टर १,२०० रुपयांचा आहे व दुसरा ३,००० रुपयांचा, आणि दोहोंची हमी दोन वर्षांची आहे. अनेक जैन घरांत चातुर्मासात पाव येत नाही; अष्टमी-चतुर्दशी आणि आयंबिलाची ओळी हे दिवसही वगळावे लागतात. उरलेल्यांतून वर्षाकाठी १५० सकाळी यंत्र चालले असे धरू. स्वस्त यंत्र केवळ हमीपुरते टिकले, तरी ३०० सकाळींना प्रत्येकी ४ रुपये पडतात. महाग यंत्रही तेवढेच टिकले तर १० रुपये पडतात. दोहोंचा पडता सारखा होण्यास महाग यंत्राने ७५० सकाळी, म्हणजे पूर्ण ५ वर्षे, सेवा दिली पाहिजे. हमी मात्र दिनदर्शिकेनुसार संपते. यंत्र कपाटात विसावले म्हणून तिची मुदत थांबत नाही. एकत्र कुटुंबात रोज दहा-बारा काप भाजले जात असतील, तर हेच गणित महागाच्या बाजूने झुकू शकते.

विजेच्या बचतीचा युक्तिवाद येथे टिकत नाही. ८०० वॉटचा टोस्टर ३ मिनिटे चालला तर ०.०४ युनिट वीज लागते. दिवसाला एक घाणा धरल्यास १५० सकाळींना अवघी ६ युनिट.

मग अधिक पैसे कशाचे द्यायचे? भाजणे संपताच पाव आपोआप वर येणाऱ्या टोस्टरचे पेटंट अमेरिकेत चार्ल्स स्ट्राइट यांना १९२१ मध्ये मिळाले. अभ्रकाच्या पत्र्यांवर गुंडाळलेली नायक्रोमची तार तापते व ठरलेल्या वेळी पाव वर येतो, हे तत्त्व स्वस्त-महाग दोन्ही यंत्रांत एकच. फरक पडतो तो उष्णता दोन्ही बाजूंस सारखी पोहोचण्यात आणि वेळेच्या अचूकतेत. हा केवळ चवीचा प्रश्न नाही. पिष्टमय पदार्थ अति भाजले की त्यांत अॅक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य वाढते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. पाव सोनेरी असतानाच थांबवणारे यंत्र म्हणूनच मोलाचे. रंगीत पडदा, दिव्यांची आरास आणि चकचकीत आवरण यांनी किंमत वाढते. पाव त्याने अधिक चांगला भाजला जात नाही.

जैन गृहिणीच्या दृष्टीने आणखी एक भाग महत्त्वाचा, तो म्हणजे तळाचा निघणारा चुरा-ट्रे. साचलेल्या चुऱ्याला मुंग्या लागतात आणि बटण दाबताच त्या होरपळतात. यतना पाळणाऱ्या घरात ट्रे सहज निघणारा असावा, तो नित्य झाडला जावा आणि चालू करण्यापूर्वी यंत्रात डोकावून पाहिले जावे. असा ट्रे स्वस्त यंत्रांतही मिळतो. तो नसेल तर किंमत कितीही कमी असो, सौदा सोडून द्यावा.

दुकानात परीक्षा घेणे अवघड नाही. पावाचे चार काप सोबत न्यावेत. पहिल्या घाण्यात दोन्ही अंगे सारखी भाजली का, ते पाहावे. लगेच त्याच आकड्यावर दुसरा घाणा लावावा. यंत्र आधीच तापलेले असल्याने वेळेचे नियंत्रण सुमार असेल तर दुसरा घाणा करपतो. तीन पिनांचा प्लग, भाजणे मध्येच थांबवण्याचे बटण आणि तारेची पुरेशी लांबी तपासावी. दुरुस्ती काटोलमध्येच होईल की सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागेल, हेही विचारावे. त्या फेरीचा खर्चही किमतीतच धरावा लागतो.

महाग यंत्र या परीक्षेत उतरले, पाच वर्षे सुटे भाग मिळण्याची खात्री पटली आणि घरात त्याचा नित्य वापर असला, तर ३,००० रुपये सार्थकी लागतील. यांपैकी एकही गोष्ट उणी असेल, तर १,२०० रुपयांचे यंत्र घ्यावे. आणि ज्या घरात पाव क्वचितच येतो, तेथे तवा आहेच. तेथे न घेतलेला टोस्टर हाच सर्वांत किफायतशीर, आणि परिग्रहही तेवढाच कमी.