वेगाची पाटी नकाशात

मैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवशी चेलाडी फाट्यावरून तोरणा-राजगडाकडे गाड्यांची रीघ लागते. नवख्या चालकाची नजर पाटीपेक्षा मोबाइलवरच जास्त! मग त्या मोबाइलला आपल्या रस्त्याची वेगमर्यादा ठाऊक नको का?

‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ पासूनचा नकाशा तुमच्या-आमच्यासारखी माणसंच भरतात. ‘ऑसमअँड’सारखी अ‍ॅप्स त्याच्यावरच चालतात. वेगमर्यादा कुणी नोंदवली असेल, तरच ती तिथं दिसते.

करायचं एवढंच. लाल कड्याच्या गोल पाटीवरचा आकडा, तिची जागा आणि दिशा वहीत टिपायची. जाताना-येताना आकडे वेगळे असू शकतात. गाडी चालवताना मात्र टिपू नका हं! घरी आल्यावर फुकट खातं उघडून रस्त्याच्या तेवढ्याच तुकड्यावर नोंद करायची. भोरजवळच्या सरळ रस्त्याचा आकडा वरंधा घाटाच्या वळणांना लावलात, तर एखाद्याच्या जिवावर बेतेल. दुसऱ्या नकाशावरून उतरवणंही नियमात बसत नाही.

पाटी दिसली नाही, तर जागा कोरी ठेवा. डब्यावर चुकीची चिठ्ठी लावण्यापेक्षा बिनचिठ्ठीचा डबा बरा, नाही का? आणि अ‍ॅप काहीही सांगो, रस्त्यावरची पाटीच खरी. घरातल्या गाडी चालवणाऱ्यांनाही हे सांगाल ना?