आटत्या पाण्यात जाळे कोणते?

शेतकरी बंधूंनो, उन्हाळ्यात पाझर तलाव पार कोरडा पडणार असेल, तर बारीक जाळे ओढून लहानमोठे सगळे मासे काढा. मरण्यापेक्षा विकलेले बरे. पण राहुरीचे मुळा धरण किंवा शेवगाव-नेवाशाकडचा नाथसागर, जिथे पाणी टिकते, तिथे हा हिशेब चालत नाही. पाणी उतरले की कटला, रोहू, मृगळ थोड्या जागेत कोंडतात आणि बारीक जाळ्यात बोटभर पिल्लेही जातात. मग पुढच्या साली काय धरणार? तिथे मोठ्या भोकांचेच जाळे लावा. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून गढूळ पाण्यातही तगते. तिच्यासाठी गवताच्या कडेला गळ टाका. सरपंच मंडळी, पाणी टिकणाऱ्या गावतलावाचा ठेका देताना जाळ्याची अट कागदावर घ्याच. तोंडी बोलणे पावसाबरोबर वाहून जाते.