बी विकायला मोकळीक, पेरायला बेडी

पोस्ट जरा लांब आहे, पण शेतीशी संबंध असेल तर वाचाच.

पावसाळा सरत आला की पोलिसांची प्रेस नोट ठरलेली. तुरीत नाहीतर उसात गांजाची झाडं सापडली, एवढ्या किलोचा मुद्देमाल जप्त, शेतकरी अटकेत. आम्ही छापतो. नशेसाठी गांजा पिकवणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. माझं भांडण दुसरंच आहे.

त्याच झाडाच्या कमी नशेच्या वाणाला इंडस्ट्रियल हेम्प म्हणतात. त्याचं बी आणि तेल आज ऑनलाइन उघड विकलं जातं, आणि तेही कायदेशीर. एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती चालेल याची मर्यादाही घातली. शहरातल्या जिमवाल्याने ते खायचं, आणि आपल्या शेतकऱ्याने पेरलं तर जेल!

"कायद्यातच बंदी आहे ना?" अर्धवट खरं. १९८५ चा एनडीपीएस कायदा उघडा. कलम ८ मध्ये बंदी आहे. पण कलम १० लागवडीला परवानगी देण्याचे आणि तिचे नियम करण्याचे अधिकार राज्याला देतं. आणि कलम १४ सांगतं की फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. दार पहिल्यापासून आहे, कडी सरकारच्या हातात आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये ती काढली. तिथे टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत ठेवायची अट आहे. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक लागवडीला मंजुरी दिली, काम कृषी विद्यापीठांकडे सोपवलं. आणि आपल्याकडे काय?

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने पिकाला भाव नाही म्हणून कलेक्टरकडे गांजा लावायची परवानगी मागितली. बातमी चवीने चालली. कलम १४ बद्दल एकाही पुढाऱ्याने तोंड उघडलं नाही.

(आपण हिरवळीच्या खताला पेरतो तो ताग आणि भाजीची अंबाडी यांनाही इंग्रजीत हेम्पच म्हणतात. ती वेगळी पिकं, त्यांना परवाना लागत नाही. उगाच घाबरू नका.)

यूट्यूबवर "एकरी लाखो" सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ०.३ टक्क्याच्या आत राहील असं बियाणं आपल्या उन्हात टिकेल का, हे आधी तपासावं लागेल. धागा काढायला कारखाना लागेल, तपासणीला लॅब लागेल. नाहीतर सोयाबीनसारखंच, पिकवा आणि व्यापारी म्हणेल त्या भावात द्या. पण हे तपासायचं कुणी? राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. त्यांच्या कुंपणाच्या आत, पोलीस बंदोबस्तात, दोन एकर लावून बघायला काय हरकत आहे?

आमदारसाहेब, पालकमंत्री, अधिवेशनात एवढंच विचारा: कलम १४ खाली महाराष्ट्र नियम करणार की नाही? नसेल करणार, तर कारण लेखी द्या.

आणि हो, ही पोस्ट वाचून कुणी बांधावर बी टाकू नका. विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे.