माळवदावरची माती उतरवा



मृग तोंडावर आला की मराठवाड्यात घरोघर एकच काम निघते. पांढरी माती आणायची, माळवदावर पसरायची, धुम्मसाने चोपायची. गवंडी लावायला पैसा नसतो. असला तरी तो बियाण्याला आणि खताला जातो. म्हणून घरचीच माणसे घराची डागडुजी करतात. शहरात कोणी याला हौस म्हणत असेल, आपल्याकडे ती गरज आहे. शेतकऱ्याच्या या हातच्या कामाचा आम्हाला अभिमान आहे. पण या एका कामाचा हिशेब मांडला पाहिजे, कारण तो न मांडल्याने माणसे गेली आहेत.

दहा बाय बाराची खोली धरा. तिच्यावर एक इंच माती म्हणजे दहा घनफूट, वजन सुमारे साडेचार क्विंटल. पाऊस थोडी वाहून नेतो, बाकीची राहते. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकतो. थर दोन फुटांवर गेला की शंभर क्विंटलांच्या वर ओझे झाले. एक भरलेला ट्रक आपण डोक्यावर ठेवून झोपतो, आणि पावसात तो आणखी जड होतो.

खालची भिंत कशी असते? आत एक दगडी थर, बाहेर एक, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जन आटोपून गाव झोपलेले असताना, किल्लारी परिसरात जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. भूकंपाने जमीन हलवली. माणसे मारली ती भिंतींनी आणि माळवदाच्या मातीने.

त्यानंतर सरकारने जुन्या घरांच्या मजबुतीचा कार्यक्रम काढला. अनेकांनी त्या मदतीतून शेजारी नवी खोली काढली. जुने माळवद तसेच राहिले, आणि त्यात माणसे, गुरे, धान्यही राहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मोडके घर मजबूत करण्यापेक्षा नवी खोली बरी, असे कोणालाही वाटेल. पण धोका तिथेच आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की यंदा माती चढवू नका, उतरवा. थर सहा इंचांवर आणा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि उन्हाने तो फाटू नये म्हणून वर दोन इंच माती टाका. उतार पन्हळीकडे ठेवा. गळती थांबवतो तो कागद. माती वाढवून गळती एक-दोन वर्षे लांबते एवढेच. माती कमी केली तर उन्हाळ्यात घर तापेल, अशी शंका काही जण घेतात. आठ इंच मातीही ऊन पुष्कळ अडवते.

हे काम करताना खाली घरात कोणी थांबू नये. आधी तुळया ठोकून पाहाव्यात. वाळवी लागली असेल तर टेकू दिल्याशिवाय वर चढू नये. माती एका कडेला ढीग न करता सगळीकडून सारखी काढावी. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी टेकू ठोकले तर सांगाडा धक्क्याला टिकतो. हेही घरच्या घरी जमते.

भिंतीला पोट आले असेल तर मात्र एकट्याने हात लावू नका. त्यावर सिमेंटचा गिलावा तर मुळीच नको. त्याने फुगवटा झाकतो आणि ओल आत राहते. भिंत कुठे ओलसर आहे, कुठे हलते, हे सारवणाऱ्या बाईला सर्वांत आधी कळते. तिला विचारा. नवी दगडी भिंत बांधाल तर ती दीड फुटापेक्षा जाड नको, आणि उंचीत दर दोन फुटांना, लांबीत दर चार फुटांना एक आरपार दगड घाला. 1993 सालच्या भारतीय मानकातही हेच सांगितले आहे.

माती चढवणे एका कुटुंबाला झेपते. शंभर क्विंटल उतरवणे झेपत नाही, म्हणूनच ते राहून जाते. पेरणीला आपण सावड करतो, तशी घरांची सावड का करू नये? पाच घरांनी एकत्र यावे, एकेक माळवद हलके करावे. घरकुलाचा पैसा नव्या घराला मिळतो, जुन्या छपराची माती उतरवायला नाही. ती मागणी आपण लावून धरूच. पण कागद, फावडी आणि पाच घरांचे हात यांना कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

या बैठकीतून परतताना प्रत्येक गावाने एक घर ठरवावे, सर्वांत जड माळवदाचे. पहिल्या पावसाआधी ते हलके झाले पाहिजे.